मीटर घेताना

काबरा शेठनं काउंटरवर तीन मीटर मांडले:
पिवळा, लाल,
आणि राखाडी, जो काचेच्या कपाटात असतो
अन् कपाटाची किल्ली शेठच्या कमरेला.

बाहेर गोलाईत उन्हानं तारा सैल पडलेल्या.
गफूरचाचा स्टुलावर. एवढ्यासाठी त्यांना
औसा रोडवरून रिक्षा करून आणलेलं.

पिवळा दोनशे ऐंशीला.
सगळं मोजतो, शेठ म्हणाले.
चाचांनी तो तळहातावर तोलला, खरबूज तोलावं तसा,
आणि म्हणाले, पोट उघडा.
मागचे दोन स्क्रू मीच काढले.
आत फ्यूज म्हणून काचेची नळी, उदबत्तीच्या काडीएवढी,
आणि दहा अँपियरच्या भोकामागं तर तीही नाही,
नुसती एक जाड तार, आरपार.

चाचांनी डावा हात काउंटरवर ठेवला.
करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट,
दोन्ही पेराशीच थांबलेली.
असाच होता, एवढंच बोलले.

मला पाठ आहे ते. सूतगिरणी, रात्रपाळी,
कोणीतरी करंट मोजून लाल वायर त्याच भोकात विसरलेला,
चाचांनी घाईत चारशे पंधरावर टोकं लावली.
उजेड आधी आला, आवाज नंतर.
पॅनेलच्या दारावरचा काळा डाग
दोनदा रंग मारला तरी वर यायचा म्हणे.

लाल बरा होता. पण टोकाला टोक भिडवलं
की पिप् म्हणायला त्याला अर्धा श्वास उशीर,
आणि अंधाऱ्या डक्टात साठ तारा चाचपताना
त्या अर्ध्या श्वासात आपण पुढच्या तारेवर गेलेलो असतो.

राखाडी.
किंमत शेठनी चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी ठेवली.
ट्रू आरएमएस, मी म्हणालो.
मी खरा आहे असं स्वतःच कोण सांगतं? चाचांना नाव पटेना.
मग सांगितलं, डाळमिलच्या ड्राइव्हमधून वीज येते
ती उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी.
स्वस्त मीटर अख्खी भाकरी धरून हिशेब करतो,
हा कुरतडलेलीच मोजतो.

आणि भूत?

भुताची मला माहिती आहे.
बंद तारेवर, शेजारच्या तारेच्या नुसत्या सोबतीनं,
सत्त्याऐंशी व्होल्ट.
त्या आकड्यामागं मी एक अख्खी रात्र फिरलोय,
पापण्यांवर तुरीचा भुसा घेऊन.
पहाटे चाचा आले, पिशवीतून टेस्टलॅम्प काढला:
एक होल्डर, एक दिवा, दोन वायरी.
लावला. लागला नाही.
कुछ नहीं है इधर, चहा सांग.

यात त्याच्यासाठी वेगळा खटका आहे, मी दाखवला,
तारेवर थोडं वजन टाकून विचारतो.
वजन पडलं की भूत उतरतं.

चाचांनी मान हलवली
आणि मीटर कोपरानं काउंटरवरून खाली ढकलला.

शेठ ओरडले ते समोरच्या भांड्याच्या दुकानात ऐकू गेलं.
फरशीवरून उचलला तर पडद्यावर शून्य, स्वच्छ.
आता तुमच्या बोर्डात लावू द्या, चाचा म्हणाले.
दोनशे चौतीस.
आता बटन बंद करून. शून्य.
आता परत चालू करून.
परत कशाला? शेठ वैतागलेले.
मधल्या वेळात मीटर मेला नाही, ते कोण सांगणार?

तीन हजार रोख दिले, बाराशे पोळ्यापर्यंत.
शेठनी वहीत लिहिलं, बोट ओलं करून पान उलटलं.
आणि निघताना चाचांनी पिवळाही घेतला.

आता हा कामून?
नातवाला. सेल संपले का नाही ते बघतो घरात बसून.
त्याच्या पुढं जाऊ देत नाही मी.

आणि तिथंच, रिक्षेची वाट बघत,
खिशातली काळी चिकटपट्टी दातानं तोडून
दहा अँपियरचं भोक त्यांनी बंद केलं,
तीन वेढे,
उरलेल्या बोटांनी दाबून.