शेरा

सोमवार. हजेरी एकशे बारा, गैरहजर चार.
दूध अठ्ठावीस लिटर. दोन लिटर कमी.
टेम्पोतून सात खोकी उतरली:
आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, मराठी माध्यम.
एका खोक्याला वाळवी आधीच लागली होती.
शेरा: मोजून घेतली.

मी गृहपाल. शासकीय निवासी शाळा,
डोळखांबच्या अलीकडे, तालुका शहापूर.
सत्तावीस वर्षं चादरी, चपला, खरूज,
रात्री भिंतीवरून पळालेली पोरं,
एवढंच मोजत आलो.
फाटकावरची पाटी नवीन झाली.
रंगाऱ्यानं आंतरराष्ट्रीयमधला एक र खाल्ला,
कुणाच्या लक्षात आलं नाही,
मीही बोललो नाही.

नवे सर नेरूळहून आले, मोटारसायकलवर.
आल्या आल्या बाकं गोल लावली.
पोरं बावरली, पाठ कुणाकडे करायची कळेना.
सर म्हणाले, आता उत्तरं पाठ करायची नाहीत,
प्रश्न विचारायचे.
तीन दिवसांत वर्गातून एकच प्रश्न आला:
लघवीला जाऊ?

चौथ्या दिवशी धडा होता घरांचा.
चित्रात बर्फ, लाकडी घर, उंच धुराडं.
सुगंधा मुकणे, सातवी, खाट सदतीस,
धुराड्यावर बोट ठेवून म्हणाली,
ही भट्टी कुणाची?
सर हसले नाहीत. ते मला आवडलं.
म्हणाले, तुला काय वाटतं?

मी खिडकीबाहेर साबणाच्या वड्या मोजत होतो.
आकडा चुकला.
मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं.
प्रकल्प कार्यालय विचारतं, किती?
तपासणी पथक विचारतं, का नाही?
बायकोनं एकदा विचारलं होतं, बदली कधी?

तुळशीचं लग्न झालं आणि सुगंधाचा बाप आला.
डोक्यावर गाठोडं, मागे बाई, तिच्या कडेवर धाकटं.
भिवंडीकडची वीटभट्टी. उचल गणपतीतच घेतलेली
आणि गणपतीतच संपलेली.
"पोरीला न्यायचीय सायेब. बारक्याला कोन बघंल?"

रजेच्या अर्जात कारणाचा रकाना
दोन बोटं रुंद.
मी तिथं लिहितो: घरगुती.
दरवर्षी नऊ-दहा घरगुती.
होळीनंतर काही परततात, उंच होऊन, हात सोललेले.
बाकीच्यांची नावं जूनपर्यंत ठेवतो
आणि मग खोडतो, पट्टी लावून, सरळ.

पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात ती बोलली.
माझ्याशी नाही, बापाशी.
"बा, किती विटा पाडल्या की उचल फिटते?"
"मालकाला ठावं."
"तू इचारलंस?"
बापानं माझ्याकडे पाहिलं,
हे मीच शिकवल्यासारखं.
मी पाण्याच्या टाकीकडे पाहिलं.
टाकीत पाणी होतं की नव्हतं, आठवत नाही.

तो पायरीवर बसला. चारची एसटी गेली.
रात्री सगळे पंगतीला जेवले, आमटी पातळ होती,
बाईनं तीनदा भात घेतला.
पहाटे उठलो तर पायरी रिकामी.
सदतीसवरची चादर घडी केलेली,
तिच्यावर घरांचं पुस्तक, कागदाचं वेष्टण घातलेलं.

मंगळवार. हजेरी एकशे अकरा.
कारणाच्या रकान्यात या वेळी
मी तिचा प्रश्न लिहिला, बारीक अक्षरात,
दोन बोटांत मावेल असा.

अर्ज परत आला. लाल शाईत:
कारण अस्पष्ट, खुलासा करावा.

खुलासा अजून केलेला नाही.
चादरही भांडारात जमा केली नाही.
हिशेबात एक कमी येते आहे.