चमक काढायची आहे

गाडी देताना बोकारे साहेबांनी
डॅशबोर्डवरच्या काळ्या पट्टीवरून हात फिरवला,
“पियानो ब्लॅक म्हणतात याला. मऊ फडक्यानं पुसत जा.”
पियानो मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही.
पुसत गेले.

मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं
आणि संध्याकाळी काटोल रोडनं फेटरीला बहिणीकडे जाताना
सूर्य त्या पट्टीत उतरून
थेट माझ्या नव्या भिंगात घुसायला लागला.
एकदा समोरची रसाची हातगाडी दिसलीच नाही,
चरकाचे घुंगरू वाजले म्हणून वाचले, तो आणि मी.

मुलगा पुण्याहून म्हणाला, विकून टाक.
मानकापूरला सीट कव्हर शिवणारा तुफैल म्हणाला,
“काहून विकता मावशी? चमक तेवढी काढून टाका.”
हातात प्लास्टिकचं एक चपटं पातं दिलं,
उलथन्याची धाकटी बहीण.
“पेचकस नका लावू हं. पेचकस खुणा करते.”

तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
मी परीक्षानळ्या धुतल्या.
उजेडात धरायची, डाग दिसला की पुन्हा ब्रश.
या हातांना चमक आणणं माहीत,
घालवायची कशी, ते कोणी शिकवलं नव्हतं.

क्लिपा आठ.
ओल्या हरभऱ्याचे घाटे फुटावेत तशा सुटल्या सहा.
दोन तुटल्या.
पट्टीमागे धूळ, बडीशेपेचे चार दाणे
आणि पार्किंगची एक पावती,
कॅन्सरच्या दवाखान्याची, रात्री अकरा चाळीस, तारीख उडालेली.
बोकारे साहेबांनी सांगितलं नव्हतं काही.
डावं सीट एवढं मागे का कललेलं होतं,
तीन वर्षांनी कळलं.
मी ते सरळ करून घेतलं होतं पहिल्याच दिवशी.

चारशे नंबरचा कागद, मग आठशेचा, पाण्यात बुडवून.
पहिल्याच हाताला पट्टी पांढरीफटक पडली.
जिवावर आलं, पण एकदा घासलेलं
परत न-घासलेलं होत नाही,
म्हणून घासत राहिले.
मोरीतून काळं दूध गेलं.

मे महिना.
दुपारी चारला गच्चीवर स्प्रे मारला
तर रंग डब्यातून निघून पट्टीवर पोचेपर्यंत
हवेतच वाळला. पडला तो रवा.
तुफैल फोनवर खो खो हसला,
“या उन्हात इथं माणूस वाळते, मावशी, रंग काय घेऊन बसल्या!
सकाळी सहाच्या आत मारा.”

दुसऱ्या दिवशी पाच वीसला उठले.
झिंगाबाई टाकळी झोपलेली,
खालच्या घरच्या कूलरची तेवढी घरघर.
हात सरळ ठेवून, श्वास धरून, एक थर.
बसला, छान बसला,
आणि कोराडीच्या चिमणीकडून
रोज आमच्या वाळवणावर येते ती राख
आली.

पुन्हा आठशेचा कागद.
तिसऱ्या दिवशी थर मारल्या मारल्या
पापडाचं मोठं पिंप उपडं घातलं वरून
आणि शेजारी स्टूल टाकून बसले,
जणू आत काही उबवते आहे.

आता पट्टी पाटीसारखी आहे.
सूर्य येतो, तिच्यावर बसतो, पुढे येत नाही.
सिग्नलला थांबलं की तिच्यात
माझा लांबुडका चेहरा दिसायचा,
तो गेला. मला वाटलं होतं त्याची सवय नाही.
उजव्या कोपऱ्यात राखेचा एक कण राहिला आहे तो राहू दे,
नखाला लागतो, डोळ्याला नाही.

पावती मी होती तिथेच ठेवली, पट्टीच्या मागे.
दोन क्लिपा मिळाल्या नाहीत कुठेच,
म्हणून प्रत्येक गतिरोधकावर
डाव्या बाजूनं टक होतं.
रेडिओ बंद ठेवते मी हल्ली.
टक.
हो, म्हणते, हळू घेते.