पत्रा

चाळीस वर्षं मी विंगेत बसून
दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजलो.
कंपनी बुडाली, वही उरली.
त्या चार दिवसांनंतर
मिरजेच्या शाळेतल्या जमादार बाईंनी बोलावलं, तेव्हा वाटलं
मुलं काहीतरी विसरत असतील.

मुलं काहीच विसरली नव्हती.

अलफिया शिकलगार सांगत होती
भोपळे कसे जळतात.
"आधी जाळ न्हाई दिसत ओ, आधी वास येतो.
तंबोऱ्याचे होते. अब्बांनी तीन उन्हाळे वाळवलेले."
विघ्नेश म्हणाला, आमची पण रिक्षा.
मग दोघं भांडली, कुणाचं जास्त जळलं यावरून.
मी वही मिटली.
याला द्यायचं वाक्य तिच्यात नव्हतं.

आणि निहाल.
आडनाव विचारू नका, लगेच बाजू मोजाल.
कुठलंही शटर पडलं, किराणाचं, मेडिकलचं,
की तो बाकाखाली.
चप्पल बाहेर राहायची, एक उलटी.

त्याला बाहेर ये म्हटलं नाही.
मीच गुडघे मोडत खाली बसलो आणि सुरू केलं:
एक राजा होता, त्याला वादळाची भीती,
म्हणून त्यानं राज्यात ढगांना बंदी घातली.
"मग?"
हे निहाल नाही, अलफिया म्हणाली.
मगचं मला येईना.
जन्मभर लिहिलेलंच वाचलेला माणूस मी.

पुढचं त्यांनी रचलं, डबा खाल्ल्यावर रोज थोडं.
ढग रात्री चोरून येतात, भोपळ्यात लपतात,
हवालदार एकेक भोपळा कानाशी हलवून बघतो.
एकदा विघ्नेशचा हवालदार खरंच मारायला लागला.
थांबवलं, पाणी पाजलं.
दुसऱ्या दिवशी तो आपणहून भोपळा झाला.

मग मी घरून पत्रा नेला.
कंपनीचा, अडीच हात, कडेला गंज,
धरायला फडक्याची मूठ.
जोरात हलवला की आभाळ फाटतं,
संथ हलवला तर लांब कृष्णेपल्याड कुठंतरी कुरकुरतं.
पहिल्याच आवाजाला निहाल खाली.
पत्राही मी खाली सरकवला.
म्हटलं, वादळ आता तुझ्याकडं.
तू सोडशील तेव्हाच निघेल.

आठ दिवस त्यानं नुसता हात फिरवला.
मग नखानं, टिक.
मग बराच वेळ काही नाही.

प्रयोग व्हरांड्यात. दोन्ही गल्ल्या आलेल्या,
इकडं एक सतरंजी, तिकडं एक,
मधली मोकळी.
राजा ओरडला, "येऊ द्या ते वादळ!"
निहाल दाराआड, माझ्या शेजारी, पत्रा छातीशी.
राजा पुन्हा ओरडला.
माझ्या ओठांवर आलेलं, हलव.
गिळलं.
तोच कुजबुजला, चार महिन्यांनी,
"आज नको."

मी ते जसंच्या तसं राजाला दिलं.
राजा गडबडला, मुकुट सावरू लागला.
तेवढ्यात अलफियाच्या ढगानं भोपळ्यातून डोकं काढलं,
"वादळाला आज सुट्टी हाय म्हणं!"
लोक हसले. इकडचे, तिकडचेही.
मधली सतरंजी मोकळीच राहिली,
खोटं कशाला सांगू.

त्याची आई सांगते, रात्री अजून दचकतो.
दुकानाच्या शटरला ती तेल घालते,
दोन्ही हातांनी धरून, झोपलेलं मूल ठेवावं तसं खाली आणते.
पत्रा मी परत मागितला नाही.
वर्गात खिळ्याला टांगलाय, त्यावर खडूनं, वाकडं:
विचारल्याशिवाय वाजवू नये.

काल मी विचारलं.
त्यानं चप्पल नीट केली, जरा वेळ घेतला,
म्हणाला, "हळू."