काटा

कळमन्यात, मार्केटच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये
आम्ही एकोणचाळीस बाया मिरचीचे देठ खुडतो.
किलोमागे भाव.
घरी गेल्यावर लेकरांना कोपरानं कुरवाळतो.

मुनीमजीच्या वहीत आमची नावं नव्हती. लिहिलं होतं :
पारडीवाल्या अकरा, इंदोऱ्याच्या सहा,
बाकी जंगलातल्या.
जंगलातल्या म्हणजे रमशीला उईके अन् तिच्या जावा,
ज्यांनी वीस वर्षांत
सेमिनरी हिल्सपलीकडं झाड पाहिलं नाही.

नळाला साखळीनं बांधलेला जर्मनचा मग आमचा.
माठ हमालांचा. फ्रिज शेठचा.
हे कुठं लिहिलेलं नाही,
सगळ्यांना पाठ आहे.

पंचफुला वर्षभर म्हणायची, काटा खातो.
मुनीमजी म्हणायचे, मिरची वाळते बाई, पाणी उडते तिचं.

त्या मंगळवारी दुर्पता नातीला घेऊन आली
अंगणवाडीतून थेट, हातात कार्ड :
सात किलो दोनशे.
पंचफुलानं पोर उचललं
अन् शेठच्या काट्यावर बसवलं.

सहा किलो चारशे.

शेडमध्ये कोणी खोकललंसुद्धा नाही.
मुनीमजी हसले, "वाटेत शी केली असन पोरीनं."
"आठशे ग्राम? थांबा बाप्पा, पुन्हा ठेवतो."
पोरीनं तबकडीची कड धरली होती, सुटेना.

घोषणा नव्हत्या. कोणत्या द्यायच्या, माहीत नव्हतं.
नुसते हात मांडीवर, उताणे, लाल.
तीन दिवस.
चौथ्या दिवशी हमालांतले ढोबळे आमच्यात येऊन बसले,
"आमचीही पोती याच काट्यावर चढतात."
दुपारी त्यांना तहान लागली.
साखळीचा मग हातात धरून
बराच वेळ उभे राहिले,
आणि प्यायले.

नवा काटा आला. भाव तोच आहे.
साखळीही आहे.
मागचे सगळे आठशे-आठशे ग्राम
कुणाच्या पोटात गेले, तो हिशेब माझ्याकडं,
आठवी शिकली म्हणून वही मला दिली.
पहिल्या पानावर नावं लिहिली, आडनावांसकट,
रमशीलाच्या चारही जावांची वेगवेगळी.

सोमवारी वही कामगार ऑफिसात न्यायची आहे.
लिहिताना बोटांची मिरची कागदाला लागली.
साहेब उघडतील
तेव्हा आधी शिंकतील.