कलम सातचा अपवाद

आर्व्हो केस्किटालो खुर्चीतून उठतोय.
मी घड्याळ लावून समोर.
एका माणसाच्या आधाराने उठला तर आमचा,
दोन माणसं लागली तर
साठ मैलांवरच्या नर्सिंग होमचा.

तो कुणाचाच आधार घेत नाही.
पंजे गुडघ्यांवर रोवतो, श्वास धरतो, उभा राहतो.
खिडकीबाहेर सुपीरियर सरोवर
एप्रिल उजाडला तरी गोठलेलंच.
"पुढे?"

पुढे गोळ्या.
पिवळी कशाची? रक्तदाबाची.
पांढरी अर्धी? पायांवरची सूज उतरायची.
मी डबी उघडून देऊ शकते, वेळ सांगू शकते,
गोळी त्याच्या जिभेवर ठेवू शकत नाही.
ठेवली की ते औषध देणं झालं,
आणि या घराचा परवाना तेवढा लांब जात नाही.
तळहात आणि जीभ यांच्या मधे
कुणीतरी राजधानीत बसून
एक रेघ मारून ठेवलेली आहे.

आर्व्हो हसतो. अडतीस वर्षं त्याने
लाकडाच्या अड्ड्यावर ओंडके मोजले.
तो आकडा ओरडायचा,
एक पोरगं वहीत लिहायचं.
आठ इंचांखालचा बाद. पोखरलेला बाद. वाकडा बाद.
"मीही बादच करायचो," म्हणतो,
"पण ओंडक्याला डोळे नसतात, तेवढं सोपं."

आग लागली तर तेरा मिनिटांत दाराबाहेर?
सातव्या मिनिटाला तो बर्फात उभा,
खिशात पाईप चाचपत.
फॉर्मचे सगळे रकाने भरले. पास.
मला बरं वाटायला हवं होतं.

पण रूम चौदामध्ये लेम्पी आहे.
त्याची बायको, दोन वर्षांपासून आमच्याकडे.
तिच्याजवळ यायचं म्हणून त्याने घर विकलं,
अंगणातल्या सॉनासकट. कुत्रं भाच्याला दिलं.
आणि सोमवारी तिची कूस बदलताना
माकडहाडापाशी मला जखम दिसली.

जखमेला पायऱ्या असतात.
दुसरीपर्यंत आम्ही धुतो, पट्टी बदलतो, उशी सरकवतो.
तिसरीला आमचे हात बांधलेले.
ही तिसरी आहे.
तीस दिवसांची नोटीस मीच टाईप केली
आणि तिच्या नावात चूक केली, दोनदा.

त्याला सांगते. तो उभ्यानेच ऐकतो.
"म्हणजे मी आत, ती बाहेर."

एक अपवाद आहे, मी म्हणते. कलम सात.
ती जाणार असेल, सहा महिन्यांच्या आत,
आणि डॉक्टरने तसं लिहून दिलं,
तर राहता येतं.
हॉस्पिसची नर्स बाहेरून येते, जखम ती बघते,
नियम तेवढ्यापुरता डोळे मिटून घेतो.
बरी होणार असेल तर मात्र
जावं लागेल.

"डॉक्टर काय म्हणतो?"
म्हणतो, सांगता येत नाही. पाच महिने. कदाचित चौदा.

आर्व्हो बोटांवर काहीतरी मोजतो, थांबतो,
पुन्हा पहिल्यापासून.
बायकोसाठी कमी मागणारा माणूस
मी पहिल्यांदाच बघत होते.

नियमांना शिव्या घालणं सोपं आहे.
माझी मावशी हिल्या अशा घरात होती
जिथे कुणीच काही मोजत नव्हतं.
तिचं हाड दिसेपर्यंत
कुणाला कळलं नाही.
म्हणून मी मोजते.
म्हणूनच कधीकधी रात्री
गाडी चालू करून पार्किंगमध्ये तशीच बसून राहते.

"पट्टी दे," आर्व्हो म्हणाला.
मी कागदी मोजपट्टी दिली, इंचांची नाही, सेंटिमीटरची.
लेम्पी भिंतीकडे तोंड करून झोपलेली.
तो गुडघ्यावर बसला. त्याच गुडघ्यावर,
ज्याचे मार्क मी सकाळी दिले होते.
मी दिवा धरला.
त्याने जखमेला न शिवता पट्टी वर धरली,
एकदा आडवी, एकदा उभी,
ओंडके मोजणाऱ्याचा हात, जराही न हलणारा.

दुसऱ्या हातात पेन घेऊन मी वाट बघत राहिले.
आकडा मोठ्याने सांगायचा असतो, आर्व्हो.
लिहिणारा खोळंबलेला असतो.