सव्वा हात

पिंपळनेरच्या वर, जिथं पांझरा
अजून एका ढांगेत ओलांडता येते,
तिथं पत्र्याखाली उभी आहे पाणकरवत.
मी टेप घेऊन गेलो, नोंदवही, एक फडकं.
चाक : सागाचं. व्यास साडेसात हात.
पंखे बावीस, त्यातले नऊ कुजके.
अकराव्यात साळुंकीचं घरटं,
त्याला रकाना नव्हता.

उखा मिस्तरी मागून येत होता,
कानावर पेन्सिल, माझं प्रत्येक माप ऐकून
जिभेनं च्क करत.
"पावनेआठ," म्हणाला. "लाकूड आकसनं.
आकसेल माप लिखू नका."
मी खोडलं.

दिवसा पाणी फडाचं. ऊस, भात, मग घास.
रात्री दगा पाटकरी दारं फिरवायचा
आणि शेवटची बारी करवतीची.
लाकडात गाठ लागली की आवाज जाड व्हायचा,
गाठ सुटली की
अख्खं गाव झोपेत कूस बदलायचं.

मग वर धरण झालं.
एका रात्री बारी संपायच्या आधी
पाणीच संपलं.

ओंडका अजून गाडीवर आहे.
पातं त्याच्यात तसंच उभं, 
दीड हात चिरून झालेलं.
शाळेच्या दाराची फळी निघणार होती त्यातून.
शाळेला पुढं पत्र्याचं दार बसलं,
तेही आता खालून गंजलंय.

सद्यःस्थिती : चालू / बंद. नको ते खोडावे.

उखा खाली बसला. धोतराच्या सोग्यातून
कानस काढली, तेलाचं बोट फिरवलं,
एक दात सोडून एक,
मग पलीकडून उरलेले.

"पाणी येऊन किती वर्षं झाली?"
"एकतीस."
"मग हे कशाला?"
कानस थांबली नाही.
"पानी ऊनं आनि दात बोथट दिसनात,
त मी काय तोंड दाखाडू?"
"आणि लाकडाच्या आतले?"
पहिल्यांदाच हसला.
"त्या पानीना भरोसे."

पुढच्या महिन्यात उद्घाटन आहे.
मोटर लावून चाक फिरवायचं ठरलंय,
पाच मिनिटं, फोटोपुरतं.
मी ते सांगितलं नाही.
त्यानं विचारलंही नाही. फक्त
माझ्या टेपचं टोक धरलं, पात्यापाशी टेकवलं,
आणि न चिरलेलं लाकूड
पुन्हा एकदा मोजायला लावलं.

सव्वा हात.
हे काही आकसलं नव्हतं.