निसणा

कुलूप शाबूत होतं.
त्यांनी कडीचे स्क्रूच काढले, चारही,
आणि खिडकीच्या चौकटीवर ओळीने ठेवले,
जणू परत येऊन लावायचे होते.

हॅलिफॅक्सहून पाच तास गाडी हाकत आले मी
ती लॉकीच्या फोनवरून.
"तुझ्या शेडचं दार वाऱ्याने आपटतंय,"
एवढंच म्हणाला तो.
केप ब्रेटनची माणसं वाईट बातमी
हवामानासारखी सांगतात.

आत भिंतीवर खिळे, आणि खिळ्यांखाली
बाबांनी हिरव्या रंगात काढलेल्या रेषा:
इथे करवत, इथे गिरमिट,
इथे पटाश्या, थोरली मधली धाकटी.
काय कुठे परत टांगायचं ते आम्हा पोरांना कळावं म्हणून.
आम्हाला कधी कळलं नाही.
चोरांना मात्र रेषांमुळे
काय राहिलंय ते चटकन दिसलं असणार.

कॉन्स्टेबल थेरियो उंबऱ्यातच थांबला, बूट ओले म्हणून.
"घरात कोण राहतं?"
कोणी नाही.
"कधीपासून?"
मी महिने मोजायला लागले.
एका हाताची बोटं पुरली नाहीत.
त्याने मला नऊ अंकी आकडा दिला, जपून ठेवायला.
गेलेल्या अवजारांच्या बदल्यात तेवढं एक आलं.

विम्याच्या बाईंनी अट वाचून दाखवली:
घर तीस दिवसांहून जास्त रिकामं असल्यास.
इतक्या मऊ आवाजात वाचली
की मी चुकून आभार मानले.
तरी यादी पाठवा, म्हणाल्या.
वस्तू, खरेदीचं साल, किंमत.
रंधा. साल, मी जन्मायच्या आधीचं.
हातोडा. दांडा तीनदा बदललेला, डोकं एकदा,
मग खरेदी नेमकी कधीची धरायची?
तिथेच पेन ठेवलं.
चहा गार झाला.

लॉकी म्हणाला, कॅमेरा लाव,
आम्ही हरणांवर लावतो तसला.
तीन आठवडे फोनवर येत राहिलं:
कोल्हा.
पडतं बर्फ.
तोच कोल्हा, जरा जवळून.
मी, पाठमोरी, दार दोरीने बांधताना,
आणि एवढी वाकते मी, हे मला माहीत नव्हतं.
मग एका पहाटे, चार वाजून सहा मिनिटांनी,
चित्रभर एक तळहात.
पुढे काही नाही.
कॅमेराही नेला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात,
इथे चांदणं नव्हतंच,
पण हात स्पष्ट आला होता.
मोठा करून पाहिला.
कातडी हातमोजा,
अंगठ्यापाशी निळ्या दोऱ्याची शिवण, तिरकी.
ती माझी.
बारा वर्षांची होते, दुसरा दोरा सापडला नव्हता,
आणि बाबा तो मोजा तसाच घालून
बंदरावर जात राहिले, कुणी हसलं तरी.

थेरियोला ते चित्र पाठवलं नाही.
का, ते लॉकीलाही सांगता आलं नाही.
बाहेर उणे अकरा होतं.
मोज्यात हात तरी होता कुणाचा.

निघताना बाकाखाली पायाला ठेच लागली.
निसणा. काळा, तेलकट,
मध्ये खोलगट झालेला.
त्यांना तो नुसता दगड वाटला असणार.
चोराच्या हातची लंगोटी, म्हटलं,
आणि शेजारच्या सीटवर ठेवला.
कॅन्सोच्या पुलाआधीच्या वळणावर तो घरंगळला
तेव्हा माझा हात आपोआप आडवा गेला,
मी पुढे बसलेली असताना बाबांचा जायचा तसा.

आता तिसऱ्या मजल्यावर
कांद्याची सुरी घासते त्याच्यावर.
आधी दोन थेंब तेल,
मग पातं टेकवायचं, दाबायचं नाही.
वरच्या मजल्यावरची बाई विचारून गेली, कसला आवाज.

रविवारी लॉकी फोन करतो.
शेडचं काय करणार आहेस?
मी म्हणते, पटाश्या एव्हाना बोथट झाल्या असतील रे त्यांच्या.
तो बराच वेळ बोलत नाही.
मग म्हणतो, स्क्रू अजून चौकटीवरच आहेत.
चारही.